अजिंठ्याची कमळं बरणीवर

एकोडीच्या दोस्तांनो, बाजारातलं मडकं एकदा निरखून बघा. तांबूस, जरा खरखरीत, पाणी भरलं की बाहेरून ओलसर. मुंबईला गेलात तर भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातली जुनी भांडीही बघा. काही इतकी गुळगुळीत, की हात फिरवावासा वाटतो. (फिरवू देत नाहीत!) तीही मातीचीच. मग चकाकतात कशी?

ती झिलई. झिलई म्हणजे खरीखुरी काच! काच वाळूपासून होते, पण नुसती वाळू वितळायला 1700 अंशांच्या आसपास उष्णता हवी. तेवढ्या आचेत आपलं मडकंच वितळून बसेल. म्हणून वाळूत सोडाखार किंवा शिशाची भुकटी मिसळतात. मग हजारेक अंशांतच काम होतं आणि भांड्यावर काचेचा पातळ थर चढतो. त्यात किंचित तांबं घातलं तर? सोडाखाराच्या काचेत ते फिरोजी दिसतं, शिशाच्या काचेत हिरवं. भट्टीत हवा कमी पडली तर तेच तांबं चक्क लाल होतं! शिसं विषारी असतं, तेव्हा घरी प्रयोग नकोत.

सिंधमधले कुंभार या झिलईत पिढ्यान्‌पिढ्या तरबेज. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले शिक्षक जॉर्ज टेरी यांनी त्यांची ही विद्या 1870 नंतरच्या दशकात मुंबईत आणली. त्याच सुमारास, 1872 पासून, तिथलेच जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत. मग काय, अजिंठ्याची कमळं, वेली, माणसं थेट सुरयांवर आणि फुलदाण्यांवर उतरली! नक्षी अजिंठ्याची, चमक सिंधची, भट्टी मुंबईची. काही भांड्यांवर नक्षीची जरा गर्दीच झालीय, पण हौस बघा त्यांची.

याच शाळेत लॉकवुड किपलिंग नावाचे एक शिक्षक होते. विलायतेत मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात काम करून ते 1865 मध्ये मुंबईला आले. त्यांच्या मुलानं पुढं मोगलीच्या गोष्टी लिहिल्या. त्यातली नदी ओळखीची वाटेल तुम्हाला: वैनगंगा!

ग्रिफिथ्स यांच्या बऱ्याच नकला लंडनला गेल्या आणि त्यांतल्या कित्येक 1885 मध्ये तिथल्या आगीत जळाल्या. भांडी मात्र आजही बघायला मिळतात.