नाकातील ‘मांस’ आणि प्राणवायूची उणीव

नाक पुरते चोंदलेला निवेदक ‘मामा’ म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्यास ते ‘बाबा’सारखे भासते. ओठांची क्रिया दोहोंत एकच. भेद केवळ नासिकामार्ग खुला असण्याचा. म्हणून एखाद्या बोलीत अनुनासिके क्षीण आहेत असा निष्कर्ष काढण्यापूर्वी अभ्यासकाने निवेदकाच्या नाकाची चौकशी करावी, हे बरे.

असा दीर्घकालीन अडथळा पुष्कळदा पॉलिपमुळे येतो. सुश्रुतसंहितेत ‘नासार्श’ हा विकार येतो. लोकभाषेत ‘नाकात मांस वाढले’ असे म्हणतात. हा शब्दप्रयोग मात्र फसवा आहे. तेथे मांस नसतेच. सोललेल्या द्राक्षासारखी दिसणारी ती वस्तू म्हणजे पाणी धरून सुजलेली, लोंबणारी श्लेष्मल त्वचाच होय. तेव्हा खरा प्रश्न वाढीचा नसून हे पाणी तेथे का साचते, हा आहे.

याचे एक उत्तर प्राणवायूच्या उणिवेत शोधले जाते. श्वासाच्या वाटेवरच प्राणवायूची टंचाई, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु नाकाभोवतालच्या अस्थिपोकळ्यांची तोंडे अतिशय अरुंद असतात. सुजेने ती मिटली की आत कोंडलेल्या हवेतील प्राणवायू पेशी शोषून घेतात आणि नवा येत नाही. पेशींत एच.आय.एफ. नावाचे प्रथिन सतत तयार होत असते व प्राणवायू पुरेसा असेल तर लगोलग नष्टही होते. उणीव भासताच ते टिकून राहते, पेशीकेंद्रात शिरते आणि अनेक जनुके जागी करते. (या यंत्रणेच्या शोधाबद्दल केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) त्यांपैकी एका जनुकापासून बनणारे द्रव्य रक्तवाहिन्या पाझरत्या करते. पाझरलेला द्रव त्वचेखालच्या सैल ऊतीत साठतो. सूज वाढते, तोंड अधिकच मिटते आणि टंचाई आणखी तीव्र होते.

उपपत्ती आकर्षक आहे. ती संपूर्ण आहे, असे मात्र प्रस्तुत लेखकास वाटत नाही. नाकाचा पडदा वाकडा असलेल्या असंख्य लोकांचे नाक वर्षानुवर्षे चोंदते, पण त्यांना पॉलिप होत नाहीत. उलट, अनेक पॉलिपांत इओसिनोफिल पेशींची गर्दी आढळते आणि दाह शमविणाऱ्या स्टेरॉइडांनी ते आक्रसतात. शस्त्रक्रियेने पोकळ्या खुल्या केल्यावरही पुष्कळांत ते पुन्हा उद्भवतात. अर्थात दाह आधीचा, आणि प्राणवायूची उणीव त्यास खतपाणी घालणारी, असा क्रम अधिक संभवनीय दिसतो. त्या उपचारांनंतर निवेदकाचा ‘मामा’ पुन्हा ‘मामा’ ऐकू येऊ लागला, तर पूर्वीचे ध्वनिमुद्रण बाजूस ठेवून नवे करावे.