उंदराच्या पेशीतला राखणदार आणि आपल्या चुलीतलं प्लास्टिक

मागच्या थंडीत बचत गटाच्या प्रशिक्षणाला पुण्याला गेले होते. परतीची पहिली एसटी धरायची म्हणून पहाटेच स्वारगेटला आले. स्टँडच्या बाहेर रस्त्याच्या कडेला चार-पाच जणांनी शेकोटी केलेली. मीही हात शेकायला गेले. शेकोटीत लाकूड थोडंच होतं. बाकी कॅरीबॅग, कुरकुऱ्यांची पाकिटं आणि वायरचे तुकडे. धूर नाकात गेला तसा घसा धरला. पण मी तरी कोणत्या तोंडाने बोलणार? आमच्या घरीही पावसाळ्यात सरपण ओलं असलं की चूल पेटवायला पिशवीचाच तुकडा लागायचा.

घरी आल्यावर बैठकीत हा विषय काढला. तेव्हा आमच्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, एवढी वर्षं जाळतोय, काय झालं आम्हाला?" प्रश्न खरा होता. उत्तर शोधताना मला एका उंदराची गोष्ट सापडली. तीच आज सांगते.

आपलं शरीर लहान लहान पेशींचं बनलेलं आहे. बहुतेक पेशींत एक खोली असते, तिला केंद्रक म्हणतात. शरीर कसं चालवायचं याच्या सूचना तिथे वहीसारख्या लिहून ठेवलेल्या असतात. या वहीतली एकेक सूचना म्हणजे एकेक जनुक. त्यातल्या एका जनुकावरून पेशी एक राखणदार तयार करते. त्याचं नाव अरिल हायड्रोकार्बन रिसेप्टर, थोडक्यात एएचआर. हा राखणदार उंदरातही आहे आणि माणसातही.

एरवी तो केंद्रकाच्या बाहेर गप्प बसून असतो. धुरातलं किंवा जळक्या पदार्थातलं ठरावीक प्रकारचं रसायन पेशीत शिरलं, की ते किल्ली कुलपात बसावी तसं त्याच्यात बसतं. मग तो उठतो, आतल्या खोलीत जातो, तिथे एका जोडीदाराला बरोबर घेतो आणि वहीतली ठरावीक पानं उघडतो. त्या पानांवरून विष मोडून टाकणारी विकरं तयार होतात. काम झालं की राखणदार शांत होतो. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी यांच्यातले काही घटकही त्याला थोडं जागं करतात, आणि ते शरीराला उपयोगीच असतं. म्हणजे हा राखणदार आपला वैरी नाही.

अडचण येते ती डायॉक्सिन नावाच्या विषाने. क्लोरीन असलेला कचरा अर्धवट जळला की ते तयार होतं. वायरचं आवरण आणि पाण्याचे पाइप ज्या पीव्हीसीचे असतात, त्यात क्लोरीन भरपूर असतं. डायॉक्सिन राखणदाराला घट्ट चिकटतं, पण विकरांनी सहजासहजी मोडत नाही. ते चरबीत जाऊन बसतं. माणसाच्या शरीरात गेलेलं डायॉक्सिन निम्मं व्हायलाच साधारण ७ ते ११ वर्षं लागतात. पाहुणा जात नाही, म्हणून राखणदार घंटा वाजवतच राहतो. नको ती पानं नको तेव्हा उघडी राहतात. वाढ, प्रतिकारशक्ती, यकृत, गर्भ या सगळ्यांचं काम त्यामुळे बिघडतं.

हे कळलं कसं? १९७६ मध्ये अमेरिकेतल्या ॲलन पोलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना छोट्या उंदरांच्या यकृतात डायॉक्सिन घट्ट धरून ठेवणारं हे प्रथिन सापडलं. त्याच वर्षी १० जुलैला इटलीत सेव्हेसो गावाजवळच्या कारखान्यातून डायॉक्सिनचा ढग बाहेर पडला. कोंबड्या, ससे मेले. लहान मुलांच्या कातडीवर फोड उठले.

पुढे फिनलंडच्या शास्त्रज्ञांना मोठ्या उंदरांच्या दोन जातींत अजब फरक दिसला. एका जातीचे उंदीर वजनाच्या दर किलोमागे १० ते २० मायक्रोग्रॅम डायॉक्सिनने मरत होते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. दुसऱ्या जातीला ९,६०० मायक्रोग्रॅम दिलं तरी निम्म्याहून जास्त उंदीर जगले. कारण १९९८ मध्ये उलगडलं. चिवट उंदरांच्या एएचआर जनुकात एक बारीक बदल होता आणि त्यामुळे राखणदाराचा घंटा वाजवणारा भागच वेगळा झाला होता. विष तेच, फरक राखणदारात.

नंतर शास्त्रज्ञांनी हे जनुक पूर्ण बंद केलेले उंदीरही तयार केले. डायॉक्सिनचा त्रास त्यांना झाला नाही, पण त्यांच्या मूत्रपिंडात बिघाड दिसले. म्हणजे राखणदार काढून टाकूनही भागत नाही. विष नसतानाही शरीराला त्याची गरज असते.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते. माणसाचा राखणदार डायॉक्सिनला नाजूक उंदरांच्या मानाने सैल धरतो. म्हणून धूर लागला आणि माणूस तिथेच पडला असं होत नाही. पण त्या चिवट उंदरांतही मरण टळलं तरी विषाचे इतर परिणाम दिसलेच. "काही झालं नाही" आणि "काही होत नाही" यात फरक आहे, बायांनो. १९९७ पासून सगळ्यात विषारी डायॉक्सिन माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे.

आणि हे विष धुरातूनच येतं असंही नाही. राख गवतावर बसते, गवत म्हैस खाते, आणि विष दुधाच्या चरबीत उतरतं. माणसाच्या पोटात जाणारं बहुतेक डायॉक्सिन अन्नातूनच येतं. ते आईच्या दुधातही उतरतं, पण म्हणून कुणी बाळाचं दूध तोडू नका. आईचं दूधच बाळाला सगळ्यात चांगलं, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. थांबवायचं आहे ते जाळणं.

"मग प्लास्टिक टाकायचं कुठे? आमच्याकडे घंटागाडी येत नाही," हेही बैठकीत निघालंच. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभारली. त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. त्या दारोदार जाऊन कचरा घेतात, सुका वेगळा काढतात आणि विकण्याजोगा विकतात. जे शहर फेकतं, त्यावर त्यांचं घर चालतं.

आम्ही तेवढं मोठं काही केलं नाही. प्रत्येकीच्या घरी एक गोणी टांगली. धुऊन वाळवलेलं प्लास्टिक त्यात टाकायचं. महिन्याच्या बैठकीला गोण्या आणायच्या आणि भंगारवाल्याला एकदमच बोलवायचं. तो जे घेत नाही, ते गोणीतच ठेवायचं आणि त्यासाठी ग्रामसभेत गाडी मागायची. चूल पेटवायला नारळाची शेंडी, तुरकाट्या, वाळलेली कणसं वर्षभराची झाकून ठेवायची. वायर जाळून तांबं काढणं तर बंदच. उघड्यावर कचरा जाळायला कायद्यानेही बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये त्यासाठी ५,००० रुपये दंड ठरवला.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची सून तेव्हा सातव्या महिन्यात होती. पुढच्या बैठकीला सगळ्यांत आधी गोणी आली ती त्यांची.