घरी गळाची काठी बनवताय? आधी कड्या नीट निवडा

उजनीच्या पाणलोटात भिगवण, इंदापूर, करमाळा पट्ट्यात हल्ली गावागावात रीळवाली काठी दिसते. रीळ बाजारातून आणायचं आणि काठी घरी बनवायची, असं बरेच जण करतात. कुणी भरीव बांबू घेतं, कुणी मोडक्या काठीचा फायबरचा तुकडा वापरतं. पैसा सगळा रिळावर जातो. दोरा ज्यातून जातो त्या कड्या मात्र हाताला लागेल त्या तारेच्या बसवल्या जातात. मग गळ लांब जात नाही, दोरा गुंततो आणि मोठा कटला लागला की नेमका त्याच वेळी तुटतो. दोष रिळाला दिला जातो, पण बहुतेक वेळा गडबड कडीत असते. दुकानात हिला गाइड किंवा रिंग म्हणतात.

पहिली कडी मोठी का लागते?

स्पिनिंग रिळाची चरखी गळ फेकताना फिरत नाही. दोरा तिच्या तोंडावरून वेटोळी घेत सुटतो. ही वेटोळी मोठी असतात. समोर लहान कडी आली की ती तिच्यावर आपटतात, दोऱ्याचा वेग मरतो आणि गाठी पडतात. म्हणून बुडाकडची पहिली कडी मोठी आणि काठीपासून उंच उभी राहणारी हवी. पुढच्या कड्या लहान होत गेल्या पाहिजेत. नरसाळं डोळ्यासमोर आणा, तसाच आकार कड्यांचा व्हायला हवा. मधल्या आकाराच्या रिळाला पहिली कडी साधारण २५ नंबरची चालते. हा नंबर म्हणजे कडीच्या गोलाचा बाहेरून मोजलेला मिलिमीटरमधला व्यास. आतलं भोक त्याहून लहान असतं.

किती आणि कुठे बसवायच्या?

सोपा हिशोब असा, की काठी जितके फूट तितक्या कड्या आणि शेंड्याची कडी वेगळी. ७ फुटी काठीला २५, १६, १२, १०, ८, ८, ८ अशा सात कड्या आणि शेंड्यावर एक. शेंड्याकडून मोजत आलात तर अंतर वाढवत न्यायचं: १०, १२, १४, १६, १८, २०, २३ सेंटीमीटर. म्हणजे पहिली मोठी कडी रिळाच्या तोंडापासून ५०–५५ सेंटीमीटरवर येते. ही मापं सुरुवातीला धरायची. प्रत्येक काठीचा वाक वेगळा असतो, त्यामुळे थोडं पुढेमागे करावं लागतंच.

कड्या कमी बसवल्या तर काठी वाकली की दोरा एकेका कडीवर काटकोनात मोडतो. तिथेच तो घासतो आणि सगळा ताण काठीच्या एकाच जागी येतो. जास्त बसवल्या तर शेंडा जड होतो आणि चिलापीची हलकी ओढ हाताला कळत नाही. म्हणून शेंड्याकडच्या कड्या हलक्या, एका पायाच्या घ्या. बुडाकडच्या एक-दोन कड्यांना ताण आणि धक्का जास्त असतो, त्या दोन पायांच्या असू द्या.

कडी आतून कशी आहे ते बघा

साध्या नायलॉनला, म्हणजे तंगुसाला, चांगल्या स्टीलची गुळगुळीत कडी पुरते. विणलेला, ब्रेडेड दोरा वापरणार असाल तर आत चिनी मातीसारखं कठीण कडं बसवलेली कडी घ्या. विणलेला दोरा मऊ धातूत करवतीसारखा चर पाडतो आणि मग तोच चर दोऱ्याला कापतो. तांब्याची तार मऊ पडते. बांधकामाची तार गंजते. छत्रीच्या काडीची किंवा सायकलच्या आऱ्याची कडी करणारे आहेत. ती तंगुसावर चालते, पण जोड आतल्या बाजूला येऊ देऊ नका आणि बारीक पॉलिश पेपरने आतून घासा.

कडी तपासायला कान साफ करायची काडी घ्या. तिचा कापूस कडीत आतून गोल फिरवा. कापसाचा धागा कुठे अडकला तर तिथे ओरखडा आहे. कठीण कड्याला तडा असेल तर ती कडी टाकून द्या, तडा सुरीसारखा कापतो. शेंड्याची कडी सगळ्यात जास्त झिजते. ती दर काही दिवसांनी बघत चला.

आधी तात्पुरती बांधा, मग पक्की करा

कड्या लगेच चिकटवू नका. जुन्या ट्यूबच्या बारीक पट्ट्यांनी काठीवर बांधा. स्पिनिंग रीळ काठीच्या खाली लटकतं, म्हणून कड्याही खालच्याच बाजूला आणि एका रेषेत हव्यात. दोरा ओवा, टोक कुणाला तरी धरायला सांगा आणि काठी हळूहळू वाकवा. दोरा काठीच्या वाकाच्या जवळून सारखा गेला तर ठीक. कुठे तीक्ष्ण कोन दिसला तर त्या जागी कड्या जवळ आणा. मग मोकळ्या रानात, आसपास माणूस-जनावर नाही हे बघून, गळ न लावता नुसतं शिसं फेकून बघा.

जागा ठरली की कडीचा पाय कानशीने पातळ करा, नाहीतर दोऱ्याखाली उंचवटा राहतो. पॉलिएस्टरच्या धाग्याचे वेढे एकाला एक लावून घट्ट गुंडाळा. वरून दोन ट्यूबवालं इपॉक्सी पातळ लावा आणि ते घट्ट होईपर्यंत काठी हळूहळू फिरवत राहा, नाहीतर एका बाजूला ओघळतं. झटपट चिकटणाऱ्या डिंकावर भरवसा ठेवू नका, तो कडक होऊन धक्क्याला सुटतो. शेंड्याची कडी मात्र गरम करून लावायच्या ग्लूने बसवा. झिजली की थोडी ऊब देऊन काढता येते.

तुटलेला दोरा पाण्यातच राहतो

खराब कडीने दोरा तुटला की नुसता मासा जात नाही. गळ माशाच्या तोंडात राहतो, दोरा पाण्यात तरंगतो. तो मच्छीमारांच्या जाळ्यात गुंततो, भिगवणला येणाऱ्या पक्ष्यांच्या पायात अडकतो. तुटलेला दोरा दिसला तर गुंडाळून घरी आणा.

एक गोष्ट जिवावरची. काठावर मोटारींच्या विजेच्या तारा डोक्यावरून गेलेल्या असतात. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, ओल्या बांबूतूनही वाहते. तारेखाली काठी उभी करू नका, गळही फेकू नका. आणि तलाव मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असेल तर आधी संस्थेला विचारा.

कड्यांचा संच घेताना दुकानात कापूस फिरवूनच घ्या. दुकानदार हसला तर हसू द्या.