बदकाची अंडी उबविताना

कोंबडी खुडूक झाली म्हणजे तिच्याखाली अंडी मांडून तिला रवणीला बसवावे, ही रीत आपल्या निपाणी-बोरगाव भागातील घराघरांत ठाऊक आहे. बदके मात्र आपल्याकडे क्वचितच दिसतात. त्यांचे मोठे कळप बंगाल, आसाम व केरळ येथील पाणथळ प्रदेशांत पाळले जातात. तरीही दूधगंगेच्या परिसरातील कोणा हौशी विद्यार्थ्याने बदकाची अंडी आणून उबवावयाचे ठरविले, तर हे काम घरच्या घरी साधण्यासारखे आहे. त्यात कष्ट थोडे, पण लक्ष फार लागते. आणि शेवटच्या दोन दिवसांत तर मनाचा मोठाच संयम लागतो.

पाळीव बदकांच्या बहुतेक जाती मॅलार्ड नावाच्या रानबदकापासून निघालेल्या आहेत. त्यांची अंडी उबण्यास सुमारे 28 दिवस लागतात. मस्कोवी ही जात निराळी. तिला 35 दिवस लागतात. कोंबडीच्या पिलाला 21 दिवस पुरतात, हे आपण जाणतोच. इंग्लंडमध्ये श्रीमती ॲडेल कॅम्पबेल यांनी तयार केलेली खाकी कॅम्पबेल ही जात अंडी विपुल देते. परंतु अंड्यांवर बसण्याची वृत्ती तिच्यात जवळजवळ उरलेली नाही. म्हणून अशा बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली किंवा उबवणी यंत्रात ठेवावी लागतात. बदकाचे अंडे मोठे असल्याने साध्या गावठी कोंबडीखाली सहा-सातांहून अधिक अंडी ठेवू नयेत.

अंडी ताजी, बिनतड्याची व स्वच्छ निवडावीत. ती धुऊ नयेत, कारण धुताना कवचावरील नैसर्गिक संरक्षक थर निघून जातो. उबविण्यापूर्वी ती आठवडाभर थंड जागी, निमुळते टोक खाली करून ठेवता येतात. पंखा असलेल्या उबवणी यंत्रात 37.5 अंश सेल्सिअस उष्णता असावी. आर्द्रता प्रारंभी शेकडा 55 ते 60 आणि अखेरच्या तीन दिवसांत 70 च्या वर हवी. बदकी पोहून ओल्या अंगाने घरट्यात परतते, तेव्हा अंड्यांना आपोआप ओलावा मिळतो. कोंबडी कोरडी असते. म्हणून ती दाणे टिपावयास उठली असता अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करावा.

यंत्रातील अंडी रोज तीन किंवा पाच वेळा फिरवावी लागतात, नाहीतर आतील गर्भ पापुद्र्यास चिकटतो. अंड्याच्या एका बाजूस पेन्सिलीने फुली व दुसऱ्या बाजूस गोल काढला म्हणजे चूक होत नाही. सातव्या-आठव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंडे बॅटरीच्या उजेडासमोर धरावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ जिवंत आहे असे समजावे. अंडे अगदी स्वच्छ दिसले तर ते वांझ आहे. 25 व्या दिवसानंतर अंडी फिरवू नयेत व यंत्र वारंवार उघडू नये, कारण आतील दमटपणा क्षणात निघून जातो.

आता खरा नाजूक काळ येतो. पिलू प्रथम आतला पापुद्रा फोडून अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीत चोच घालते आणि आयुष्यातील पहिला श्वास घेते. मग चोचीवरील बारीक कठीण दाताने ते कवचाला पहिली चीर पाडते. यानंतर ते कित्येक तास स्वस्थ पडून राहते. पाहणाऱ्यास वाटते, पिलू दमले, अडकले, आता मरणार! परंतु आत मोठे काम चाललेले असते. इतके दिवस कवचालगतच्या पापुद्र्यातील रक्तवाहिन्या त्याला प्राणवायू पुरवीत होत्या. आता ते काम फुप्फुसांकडे येते, वाहिन्यांतील रक्त पिलाच्या शरीरात परतते आणि उरलेला पिवळा बलक त्याच्या पोटात ओढला जातो. पहिल्या चिरेपासून बाहेर येईपर्यंत एक ते दोन दिवस लागू शकतात. या वेळी दयेने कवच सोलणारा हात भरल्या वाहिन्या तोडतो व पिलू रक्तस्रावाने मरते.

मग मदत कधीच करू नये काय? करावी, पण लक्षणे पाहून. चीर पडून दीड दिवस लोटला, काहीच प्रगती नाही आणि उघडा पापुद्रा पिवळट-तपकिरी, चामड्यासारखा कोरडा झाला आहे, असे दिसले तर पिलू त्यात आवळले गेले आहे असे समजावे. हात स्वच्छ धुऊन कापसाच्या बोळ्याने पापुद्रा कोमट पाण्याने ओलावावा. पाणी नाकपुड्यांत जाऊ देऊ नये. हवेच्या पोकळीवरील कवचच तेवढे कणाकणाने काढावे. लाल शीर किंवा रक्ताचा थेंब दिसताच थांबावे, अंडे पुन्हा उबेत ठेवावे आणि काही तासांनी पाहावे. डोके मोकळे झाले की पुढचे काम पिलावर सोपवावे. बेंबीशी काही चिकटलेले दिसले तर ते ओढू नये.

जन्मलेल्या पिलाला एक दिवस अन्न दिले नाही तरी चालते. पोटातील बलक त्याची शिदोरी असते. पहिला आठवडा सुमारे 32 अंश ऊब द्यावी व पुढे ती क्रमाने कमी करावी. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात, म्हणून खाली गोणपाट अंथरावे. फाकलेले पाय मऊ पट्टीने सैल बांधल्यास बहुधा दोन-तीन दिवसांत सुधारतात. बदकाच्या पिलांना कोंबडीच्या पिलांपेक्षा नायसिन हे जीवनसत्त्व अधिक लागते. ते कमी पडल्यास पाय वाकतात. खाद्यात थोडे यीस्ट मिसळल्यास ही उणीव भरून निघते. पाणी उथळ थाळीत, खडे घालून ठेवावे. आईविना वाढणाऱ्या पिलाच्या पिसांना आरंभी पुरेसे तेल नसते. त्याला खोल पाण्यात सोडल्यास ते भिजून गारठते. पिलांना हाताळल्यावर साबणाने हात धुण्यास विसरू नये.

विद्यार्थी मित्रांनो, अंडी ठेवल्याची तारीख, रोजची उष्णता व पहिल्या चिरेची वेळ वहीत टिपून ठेवा. मन घाबरले असता किती तास लोटले याचा अंदाज हमखास चुकतो. वही मात्र खरे सांगते. थांबावे की हात घालावा, हे त्या नोंदीवरूनच ठरते आणि त्या ठरविण्यावर एका जिवाचे जगणे अवलंबून असते.