यांत्रिक मानदुखीवरील हस्तोपचार पद्धती : एक तुलनात्मक विवेचन

सारांश : यांत्रिक मानदुखीवर भौतिकोपचारात अनेक हस्तोपचार पद्धती वापरल्या जातात. त्यांपैकी मेटलँड, मुलिगन, मसल एनर्जी व मॅनिप्युलेशन या चार पद्धतींची तुलना प्रस्तुत लेखात केली आहे. पद्धतीच्या नावापेक्षा रुग्णाची योग्य तपासणी व व्यायामाची जोड अधिक निर्णायक ठरते, असे या विवेचनातून स्पष्ट होते.

बीजशब्द : यांत्रिक मानदुखी, हस्तोपचार, मोबिलायझेशन, मॅनिप्युलेशन, व्यायाम.

प्रस्तावना :

अकोला जिल्ह्यात कापूस वेचणीच्या हंगामात शेतमजूर स्त्रिया कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून काम करतात. उत्तरपत्रिका तपासणारा प्राध्यापक तासन्‌तास टेबलावर झुकलेला असतो. दोघांची कामे भिन्न असली तरी मानेवर पडणारा ताण एकाच स्वरूपाचा आहे. डोक्याचे वजन साधारणतः 4.5 ते 5 किलोग्रॅम असते. मान पुढे झुकली की हा भार पेलण्यासाठी मानेमागील स्नायूंना सतत आकुंचित राहावे लागते. 2020 मध्ये जगभरात सुमारे 20 कोटी लोक मानदुखीने ग्रस्त होते, असा अंदाज आहे.

अस्थिभंग, जंतुसंसर्ग, गाठ किंवा मज्जारज्जूवरील दाब अशी कारणे नसताना स्थिती व हालचाल यांनुसार कमी-अधिक होणाऱ्या दुखण्यास यांत्रिक मानदुखी म्हणतात.

प्रमुख पद्धती :

1) मेटलँड पद्धती : ऑस्ट्रेलियातील भौतिकोपचारतज्ज्ञ जेफ्री मेटलँड यांनी ही पद्धती विकसित केली. तीत मणक्यांच्या सांध्यांना लयबद्ध हेलकावे दिले जातात. त्यांच्या चार श्रेणी आहेत. पहिल्या दोन श्रेणींत सांध्याच्या ताठरपणाची मर्यादा गाठली जात नाही. म्हणून वेदना प्रबळ असताना त्या वापरतात. तिसरी व चौथी श्रेणी त्या मर्यादेपर्यंत जाते. म्हणून ताठरपणा प्रबळ असताना त्या उपयुक्त ठरतात.

2) मुलिगन पद्धती : न्यूझीलंडचे ब्रायन मुलिगन यांच्या या पद्धतीत उपचारक मणक्यावर विशिष्ट दिशेने दाब धरून ठेवतो आणि त्याच वेळी रुग्ण स्वतः मान वळवितो. ही हालचाल वेदनारहितच असली पाहिजे, हा तिचा मूलभूत नियम होय. वेदना झाल्यास दाबाची जागा वा दिशा बदलली जाते. तरीही वेदना राहिल्यास ते तंत्र सोडून दिले जाते. शिकवल्यानंतर यातील काही हालचाली रुग्णाला टॉवेलच्या साहाय्याने घरीही करता येतात.

3) मसल एनर्जी पद्धती : अमेरिकन ऑस्टिओपॅथ फ्रेड मिचेल यांच्या नावाशी ही पद्धती निगडित आहे. रुग्ण उपचारकाच्या हाताविरुद्ध हलक्या जोराने काही सेकंद स्नायू आकुंचित करतो, नंतर सैल सोडतो व त्या शैथिल्यात स्नायू हळूहळू ताणला जातो. आखडलेल्या स्नायूंसाठी ती विशेष उपयुक्त मानली जाते.

4) मॅनिप्युलेशन : यात सांध्याला अत्यल्प अंतराचा परंतु वेगवान झटका दिला जातो. झटक्याचा क्षण रुग्णाच्या नियंत्रणात नसतो. पहिल्या तीन पद्धतींहून तिचे वेगळेपण येथेच आहे.

तुलनात्मक पुरावा :

मोजमापाशिवाय तुलना संभवत नाही. त्यासाठी वेदनेची दृश्य मापनश्रेणी, मानेच्या हालचालींचे कोनमापन आणि 1991 मध्ये प्रसिद्ध झालेला नेक डिसॅबिलिटी इंडेक्स ही साधने प्रचलित आहेत. या निर्देशांकात 10 प्रश्नगट असून एकूण गुण 50 असतात.

नेदरलँड्समध्ये 183 रुग्णांवर झालेल्या व 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 7 आठवड्यांनंतर मोबिलायझेशनप्रधान हस्तोपचार घेतलेल्या 68.3 टक्के, व्यायामप्रधान भौतिकोपचार घेतलेल्या 50.8 टक्के आणि सर्वसाधारण डॉक्टरांचे नेहमीचे उपचार घेतलेल्या 35.9 टक्के रुग्णांना लक्षणीय आराम आढळला. मात्र वर्षभरानंतर हा फरक कमी झाला. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात 182 रुग्णांमध्ये मॅनिप्युलेशन व मोबिलायझेशन यांची थेट तुलना करण्यात आली. बरे होण्यास लागणारा मध्यक कालावधी अनुक्रमे 47 व 43 दिवस होता. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा नव्हता. म्हणजेच झटक्याने मिळणारा लाभ हलक्या हाताच्या पद्धतीनेही मिळू शकतो. अमेरिकेतील भौतिकोपचार संघटनेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हस्तोपचाराला व्यायामाची जोड देण्यावर भर आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न :

मानेला वेगवान झटका दिल्यानंतर मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीस इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या दुर्मीळ घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या आहेत. त्यामुळे केशकर्तनालयात मालिशनंतर मान ‘मोडून’ घेण्याची प्रथा निरुपद्रवी समजणे योग्य नव्हे. तेथे ना पूर्वतपासणी होते, ना झटक्याचे प्रमाण ठरलेले असते. ताप, वजन घटणे, अपघाताचा इतिहास, हातापायांतील कमजोरी, चालताना तोल जाणे, दुहेरी दिसणे अथवा बोलण्यात अडथळा येणे यांपैकी एकही लक्षण असल्यास हस्तोपचार न करता प्रथम वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. मणक्याचा क्षयरोग आजही आपल्याकडे आढळतो, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

स्थानिक संदर्भ :

तेल्हारा किंवा अकोटहून अकोल्यास उपचारासाठी येणाऱ्या मजूर स्त्रीची प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी होय. उपरोक्त नेदरलँड्समधील अभ्यासात हस्तोपचार आठवड्यातून एकदाच दिला गेला होता, ही बाब अशा रुग्णांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आठवड्यातून एक भेट आणि उरलेले दिवस घरी करावयाचे व्यायाम, अशी योजना येथे अधिक व्यवहार्य ठरते. अध्यापकवर्गासही हाच क्रम लागू पडतो. दर अर्ध्या तासाने बैठक बदलणे व लिखाण डोळ्यांच्या पातळीजवळ आणणे, ही त्यास पूरक पथ्ये होत.

निष्कर्ष :

चारही पद्धतींना स्वतंत्र स्थान आहे : वेदनेसाठी मेटलँडच्या प्रारंभिक श्रेणी, हालचालीबरोबर उद्भवणाऱ्या दुखण्यासाठी मुलिगन, स्नायूंच्या आखडण्यासाठी मसल एनर्जी आणि निवडक रुग्णांत प्रशिक्षित हातांनीच मॅनिप्युलेशन. तथापि, कोणतीही एक पद्धती सर्वश्रेष्ठ असल्याचे सिद्ध झालेले नाही. उपचारकाच्या हाताने मिळालेला आराम टिकविण्याचे कार्य रुग्णाच्या नियमित व्यायामानेच साध्य होते.