कायद्यातला एक शब्द

मंडळी, पन्हाळ्याच्या पायथ्याला कुठल्याही गावात पारावर बसा. ‘दारुडा’, ‘बेवडा’ हे शब्द कानांवर येतातच. तोंडचा शब्द वाऱ्यावर जातो म्हणावे, पण कायद्यात छापलेला जात नाही.

अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. त्यात इंग्रजी शब्द आहे ‘ॲडिक्ट’, म्हणजे व्यसनी. २००१ साली त्याची व्याख्या बदलली: अमली पदार्थावाचून ज्याचे चालत नाही, असा अवलंबून असलेला माणूस. अर्थ आजाराकडे झुकला, नाव मात्र जुनेच राहिले!

याच कायद्याचे कलम ६४-अ मोठे मायेचे आहे. अल्प प्रमाणात माल सापडलेला व्यसनी आपण होऊन सरकारी किंवा सरकारमान्य इस्पितळात उपचार घेईल आणि ते पुरे करील, तर त्याच्यावर खटला नाही. पण त्या दारातून आत जायला आधी ‘मी व्यसनी’ हा शिक्का कपाळी घ्यायचा. ज्याची सोयरीक जुळायची आहे असा पोरगा तो घेईल का, सांगा.

शब्द बदलतात. १९१२ च्या कायद्यातला ‘वेडा’ १९८७ च्या कायद्यात ‘मनोरुग्ण’ झाला. पुण्याच्या मुक्तांगणात तर व्यसनी माणसाला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. कायद्यानेही ‘व्यसनाचा रुग्ण’ एवढे लिहावे.

आणि मास्तर, शाळेच्या दाखल्यात बापाच्या व्यसनाला रकाना नाही. मग वर्गात ‘अमक्या दारुड्याचा पोर’ कशाला?