आयपी सापडला म्हणजे चोर सापडला?

"आयपी मिळालाय ना? मग उचला की त्याला!" हडपसरमध्ये सर्व्हर सांभाळायचं काम करणाऱ्याचा एक महिना हे वाक्य ऐकल्याशिवाय जात नाही. मगरपट्ट्यातल्या कंपनीचा मॅनेजर असो, औद्योगिक वसाहतीत हिशेबासाठी एकच सर्व्हर ठेवलेला कारखानदार असो, की सोसायटीचा सेक्रेटरी. लॉगमध्ये परका आकडा दिसला की प्रत्येकाच्या अंगात इन्स्पेक्टर संचारतो. समजावून सांगावं तर वर ऐकवतात, "अहो, पण पत्ता तर समोर दिसतोय!"

काय दिसतंय ते आधी नीट पाहू. लॉगमधली ओळ साधारण अशी असते : वेळ २१:१०, 'रूट' या नावाने लॉगिनचा प्रयत्न, पासवर्ड चुकला, आला कुठून तर २०३.०.११३.४५ वरून, पोर्ट ५११२२. (हा पत्ता उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटातला आहे, शोधत बसू नका.) दोन सेकंदांनी तशीच ओळ, नाव 'अ‍ॅडमिन'. मग 'टेस्ट', मग 'ओरॅकल'. रात्रभर हेच. यावरून एवढंच कळतं की त्या क्षणी, त्या पत्त्याआडून कुठलंतरी यंत्र आपलं दार वाजवत होतं. ते यंत्र कुणाचं, ते कोण चालवत होतं आणि त्याच्या मालकाला याची खबर तरी होती का, यातलं काहीही त्या ओळीत नसतं.

हे पुस्तकी वाटत असेल, तर पुण्याचंच उदाहरण घ्या. २००७ साली ऑर्कुटवर शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकला गेला. पुणे पोलिसांनी आयपीचा माग काढला, दूरसंचार कंपनीकडे ग्राहकाची माहिती मागितली आणि ३१ ऑगस्टला बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याला त्याच्या घरातून अटक केली. त्या मजकुराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. कंपनीने दिलेली ग्राहकाची माहितीच चुकीची होती. ते उघड होईपर्यंत त्याचे पन्नास दिवस तुरुंगात गेले होते. 'उचला की त्याला' म्हणणाऱ्यांनी हे पन्नास दिवस जरा डोळ्यांसमोर आणावेत.

अशी चूक होते कशी? मुळात आयपी पत्ते पुरेसे नाहीत. जुन्या, म्हणजे आजही सर्रास चालणाऱ्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी आणि जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर. शिवाय एकेका घरात चार-चार उपकरणं. म्हणून पत्ते वाटून वापरले जातात. आज तुमच्याकडे असलेला पत्ता राउटर बंद करून चालू केला की दुसऱ्याकडे जाऊ शकतो. मोबाइल कंपन्या तर एकाच वेळी शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआडून बाहेर सोडतात. यासाठी पत्त्यांचा खास गटच २०१२ मध्ये 'आरएफसी ६५९८' या दस्तऐवजाने राखून ठेवला गेला. म्हणजे लॉगमध्ये दिसतं ते सोसायटीचं गेट. फ्लॅट नंबर त्यात नसतो.

फ्लॅटपर्यंत पोचायचं तर आणखी दोन गोष्टी लागतात : अचूक वेळ आणि पोर्ट क्रमांक. दोन्हींची नोंद ठेवा, असं 'आरएफसी ६३०२' २०११ पासून सांगतोय. तरी तक्रारी येतात त्या अशा : "काल रात्री या आयपीवरून हल्ला झाला." काल रात्री म्हणजे किती वाजता? आणि कुणाच्या घड्याळाने? बरेच सर्व्हर जागतिक प्रमाणवेळ लावून बसलेले असतात. वरच्या ओळीतले २१:१० म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे २:४०. साडेपाच तासांच्या या फरकात तो पत्ता कितीतरी जणांच्या हातून गेलेला असू शकतो. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात सर्व्हरची घड्याळं सरकारी वेळेशी जुळवायला आणि लॉग १८० दिवस जपायला सांगितलं, ते उगाच नव्हे.

बरं, वेळ जुळली, पोर्ट जुळलं, यंत्रही सापडलं. तरी बहुतेक वेळा ते यंत्र आधीच कुणीतरी ताब्यात घेतलेलं निघतं. २०१६ साली 'मिराई' नावाच्या कीडप्रोग्रॅमने जगभरातले सीसीटीव्ही कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर काबीज केले. त्यासाठी काही अफाट बुद्धी लागली नव्हती. कारखान्यातून आलेल्या, कुणीही न बदललेल्या पासवर्डांची साठेक जोड्यांची यादी पुरली. लॉगमध्ये व्हिएतनाम, ब्राझील, चीन असे देश दिसत होते. २०१७ च्या डिसेंबरमध्ये गुन्हा कबूल केला तो तीन अमेरिकी तरुणांनी! "सगळं चीनमधूनच येतं हो" म्हणणाऱ्यांना आणखी काय पुरावा द्यायचा?

नकाशावर दिसणाऱ्या ठिकाणाचं तर बोलूच नका. आयपीवरून गाव सांगणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी कंपनीकडे ठिकाण ठाऊक नसलेल्या पत्त्यांसाठी देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू ठरलेला होता. तो पडला कॅन्ससमधल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतघरावर. २०१६ मध्ये पत्रकारांनी हे उघडकीला आणलं, तेव्हा सुमारे ६० कोटी आयपी त्या एका घराच्या नावावर होते आणि घरातली माणसं कित्येक वर्षं पोलीस आणि संतापलेल्या अनोळखी लोकांना तोंड देत होती. शेवटी कंपनीने तो बिंदू एका तळ्यात नेऊन ठेवला.

आता किरकोळ गैरसमज, एकेका ओळीत.

"आमचा एवढासा सर्व्हर, त्याच्यावर कोण येणार?" माणूस येतच नाही, प्रोग्रॅम येतो, मिशिगन विद्यापीठाच्या 'झेडमॅप'ने २०१३ मध्येच दाखवून दिलं की चौथ्या आवृत्तीचे झाडून सगळे पत्ते पाऊण तासात तपासता येतात.

"एसएसएचचं पोर्ट बदललं, आता काळजी नाही." लॉगमधला कचरा कमी होतो, दाराचं कुलूप तेच राहतं.

"एकदा ब्लॉक केला की कायमचा ब्लॉक." उद्या तो पत्ता तुमच्याच ग्राहकाकडे येईल, म्हणून 'फेल-टू-बॅन'सारखी साधनं ठरावीक काळाने बंदी उठवतात.

"आपणही उलटा हल्ला करू." माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ तुम्हालाही लागू आहेत : तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

"सायबर हेल्पलाइनला फोन केला की आयपी बंद होतो." १९३० हा क्रमांक पैसे लुबाडले गेले असतील तर तातडीने लावायचा; लॉगमधल्या दार वाजवणाऱ्यांसाठी तो नाही.

इथवर ऐकून घेतलेला माणूस दुसऱ्या टोकाला जातो : "मग कळवून उपयोगच काय?" उपयोग आहे. आयपी कळवायचा तो माणूस पकडण्यासाठी नव्हे, यंत्र साफ व्हावं म्हणून. प्रत्येक पत्त्याची मालकी नोंदलेली असते; आशिया-पॅसिफिकसाठी एपनिक आणि भारतात आयआरआयएनएन ही नोंद ठेवतात. 'हूइज'मध्ये शोधलं की ज्या कंपनीकडे तो पत्त्यांचा गट आहे तिचा तक्रारींसाठीचा ईमेल मिळतो. ती कंपनी क्लाउडवाली असेल तर भाड्याचा सर्व्हर बंद करू शकते, इंटरनेट पुरवणारी असेल तर ग्राहकाला 'तुमचा डीव्हीआर बिघडलाय' असं कळवू शकते. कधीकधी काहीच होत नाही, हेही खरं. पण तोच पत्ता एब्यूज-आयपीडीबीसारख्या सामायिक यादीत टाकला, तर दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरला तो दार वाजवण्याआधीच ओळखता येतो. सर्ट-इनचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून भारतातली बाधित यंत्रं साफ करण्याची साधनं फुकट देतं. आणि हल्लेखोर खरोखर आत शिरला असेल, तर सर्ट-इनला सहा तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. तिथे 'सोमवारी बघू' चालत नाही.

तक्रारीचा मेल चार ओळींचा असावा : कुठल्या पत्त्यावरून आलं, त्याचं पोर्ट कोणतं, आपल्या कुठल्या पत्त्यावर आणि पोर्टवर आलं, आणि वेळ सेकंदासकट, कुठली प्रमाणवेळ तेही लिहून. खाली लॉगच्या पाच-सहा ओळी जशाच्या तशा चिकटवाव्यात. स्क्रीनचा फोटो पाठवू नये, त्यातून काही कॉपी करता येत नाही. आणि कृपा करून त्यात 'या माणसावर कारवाई करा' असं लिहू नका. 'या पत्त्यावरचं यंत्र तपासा' असं लिहा. पहिलं वाक्य वाचून समोरचा वकिलाकडे जातो, दुसरं वाचून सर्व्हरकडे.